कोल्हापुरातून विवाह-कुटुंब समुपदेशनाचं पदव्युत्तर शिक्षण: ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी वाटाड्या

चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या घरात भांडण विकोपाला गेलं की पहिला फोन पाळकसाहेबांना जातो, दुसरा मुलीच्या मामाला. पोलीस, वकील आणि डॉक्टर यांचा नंबर त्यानंतर. 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर कोल्हापुरात आले, पुढे या पट्ट्यात मिशनच्या शाळा झाल्या, मिरजेला वानलेसांचा दवाखाना झाला. पण नवरा-बायको किंवा सासू-सुनेत काय बिनसलंय, हे शिकलेल्या माणसानं शांतपणे बसून बघावं, ही गरज बहुतेक मंडळ्यांत अजून पाळकांच्या बैठकीच्या खोलीतच भागवली जाते. हे काम रीतसर शिकून करावं असं वाटणारी मुलंमुली आता विचारायला येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'बायबल कॉलेजला जाऊ की एम.ए. करू?'

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी मंडळीच्या बाहेरही चालेल अशी पदवी घ्या, मग तिच्यावर धर्मशास्त्राचा अभ्यास चढवा. आधी धर्मशास्त्र करून मागाहून मानसशास्त्राकडे वळलेलेही चांगलं काम करतात, पण त्यांची दमछाक जास्त होते, आणि कोर्टात किंवा इस्पितळात त्यांच्या कागदांना फारसं वजन मिळत नाही.

आधी काम ठरवा, मग कोर्स

भारतात 'मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट' असा वेगळा परवाना नाही. अमेरिकेत आहे, म्हणून तिकडची माहिती वाचून इकडचा बेत आखला की घोटाळा होतो. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही ही व्याख्या तशीच धरतो. बाकीचे मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते हे 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याखाली येतात.

तेव्हा स्वतःला विचारा: मला पाळकपण करता करता घरं सांभाळायची आहेत, पूर्ण वेळ समुपदेशक व्हायचंय, की कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून बसायचंय? पहिल्यासाठी धर्मशास्त्राची पदवी आणि समुपदेशनाचा भक्कम डिप्लोमा पुरू शकतो. दुसऱ्यासाठी मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. हवी. तिसऱ्यासाठी एम.एस.डब्ल्यू.चा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, रस्ता जुना आणि मळलेला आहे. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातच समुपदेशकांची तरतूद आहे आणि त्याच कायद्यानं न्यायालयावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे हे काम तिथं शोभेचं नाही, रोजचं आहे.

कुठं शिकायचं

कोल्हापूर सोडायचं नसेल तर दोन वाटा. शिवाजी विद्यापीठाची मानसशास्त्रातली एम.ए. किंवा सायबर या इथल्या संस्थेची एम.एस.डब्ल्यू. सायबरला जाणाऱ्यांनी क्षेत्रकार्याची जागा कुटुंबाशी संबंधित मिळावी म्हणून पहिल्या सत्रापासून विभागाच्या मागे लागावं. गप्प बसलात तर जी जागा उरेल ती पदरात पडते.

बाहेर पडायची तयारी असेल तर पर्याय वाढतात. मुंबईचं निर्मला निकेतन 1955 पासून समाजकार्य शिकवतंय आणि ते कॅथलिक भगिनींच्या संस्थेनं सुरू केलेलं आहे. बेंगळुरूला कार्मेलाइट धर्मगुरूंचं ख्राइस्ट विद्यापीठ आणि माँटफोर्ट बंधूंचं माँटफोर्ट कॉलेज, दोन्हीकडे मानसशास्त्र आणि समुपदेशनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. या संस्था ख्रिस्ती असल्या तरी वर्गात शिकवलं जातं ते मानसशास्त्रच, प्रवेशही सर्वांना खुला असतो. काही पालकांना याचं वाईट वाटतं. मला ते बरं वाटतं, कारण पुढं तुमच्यासमोर बसणारी घरंही सगळ्या जातिधर्मांची असणार आहेत.

धर्मशास्त्राच्या बाजूनं धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर सिनेटच्या एम.टीएच.मध्ये पाळकीय समुपदेशनाचा विषय घेता येतो, पण त्यासाठी आधी बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी लागते. वेल्लोरचं ख्रिश्चन कौन्सेलिंग सेंटर समुपदेशनाचं प्रशिक्षण देतं. पाळक, परिचारिका, शिक्षक अशी नोकरीतली माणसं तिथं शिकून येतात. सर्वांना झेपेल असा क्रम म्हणजे दोन वर्षं एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू., मग वेल्लोरसारख्या ठिकाणी काही काळ.

घरबसल्या पदवी घेऊ म्हणणाऱ्यांनी इथं थांबून वाचावं. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित विषय दूरशिक्षणानं आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली आहे. इग्नूचा समुपदेशन आणि कुटुंबोपचाराचा अभ्यासक्रम पूर्वी अनेकांनी नोकरी सांभाळून केला. त्याच भरवशावर आता कुणी जाहिरात दाखवली तर त्या वर्षीची आयोगाची मान्यता यादी स्वतः उघडून बघा, मगच पैसे भरा. 'आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती विद्यापीठा'च्या सहा महिन्यांत मिळणाऱ्या मास्टर्स पदव्यांबद्दल तर बोलायलाच नको.

अमेरिकेचा विचार असेल तर हिशेब मांडा

विवाह आणि कुटुंबोपचार हा विषय ख्रिस्ती दृष्टिकोनातून पूर्ण पदवी म्हणून शिकवणारी ठिकाणं मुख्यतः अमेरिकेत आहेत. कॅलिफोर्नियातली फुलर सेमिनरी आणि टेक्सासमधलं ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठ ही त्यातली नावाजलेली. तिथं मिनुचिन, बोवेन, सॅटिर या कुटुंबोपचारतज्ज्ञांच्या पद्धतींबरोबर धर्मशास्त्रही अभ्यासक्रमात असतं, आणि विद्यार्थी प्रत्यक्ष कुटुंबं बघतात. काही संस्था प्रवेशाच्या वेळी विश्वासाच्या विधानावर सही मागतात. ते नीट वाचा, पटत नसेल तर सही करू नका.

अडचण पदवीनंतर येते. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी देखरेखीखाली 3,000 तास आणि किमान 104 आठवडे काम करावं लागतं. त्यातले काही तास शिकताना मोजले जातात, पण बरेचसे पदवीनंतरच भरायचे असतात. विद्यार्थी व्हिसावर नंतर कामासाठी मिळणारी नेहमीची मुदत 12 महिन्यांची. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की काय होणार ते कळतं. परवाना मिळालाच तरी भारतात त्याला कायदेशीर अर्थ नाही. म्हणून परत कोल्हापूरला येऊन काम करायचं असेल तर कर्ज काढून तिकडं जायचा सल्ला मी देत नाही. शिष्यवृत्ती असेल आणि हातात भारतातली मास्टर्स आधीच असेल, तर जरूर जा.

प्रवेशाआधी विभागाला विचारायचे प्रश्न

माहितीपत्रकात 'फॅमिली थेरपी' हे शब्द असतात, पण तो एका सत्रातला एक पेपर आहे की प्रत्यक्ष काम, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारा: दोन वर्षांत मी किती जोडप्यांसमोर बसेन? माझ्या सेशनवर कोण देखरेख करेल, आणि तो माणूस स्वतः कुटुंबांसोबत काम करतो का? रेकॉर्डिंग किंवा शब्दशः टिपण तपासलं जातं का? घरातली चार माणसं एकत्र बसवून काम शिकवतात, की एकेकट्याशी बोलणं शिकवून त्यालाच कुटुंबोपचार म्हणतात? शेवटच्या प्रश्नाला विभागप्रमुख अडखळले तर समजून जा. आणि मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला तरी कँटीनमध्ये गाठा. खरी उत्तरं तिथं मिळतात.

अर्जासोबतचं हेतुपत्र लिहिताना 'देवानं मला पाचारण केलं' एवढ्यावर थांबू नका. ते खरं असेलच, पण निवडणाऱ्यांना तुमचा स्वभाव कळायला हवा. रविवारच्या शाळेत शिकवलंत, तरुण संघ चालवलात, आजीच्या आजारपणात घर ओढलंत, हे लिहा. शिफारसपत्र एक पाळकांचं आणि एक मंडळीबाहेरच्या कुणाचं तरी घ्या.

वर्गात काय शिकाल: एक तक्ता जवळून

भारतात कुटुंबाला उपचारात सामील करण्याचा विचार नवा नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातल्या तंबूंत सोबत राहायला लावलं होतं. वेल्लोरच्या सीएमसीतही मनोरुग्णासोबत घरचं माणूस राहतं. आपल्याकडे आजारी माणूस एकटा नसतोच, हे इथल्या डॉक्टरांनी लवकर ओळखलं.

अभ्यासक्रमात पुष्कळ पद्धती येतात, त्या परीक्षेपुरत्या भराभर वाचून होतील. हात बसवायचा असेल तर जेनोग्रामवर बसवा. तीन पिढ्यांचा हा नकाशा असतो: पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, घटस्फोट झाला तर तिच्यावर दोन तिरक्या रेघा, कायमचा कलह असेल तर दोघांत नागमोडी रेघ. मोठा कागद जमिनीवर पसरून घरच्यांसमोरच काढायचा.

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घराचा काढताना मी तीन गोष्टी आणखी घालायला सांगतो. एक, घरात पहिला बाप्तिस्मा कुणी आणि कधी घेतला, आणि त्यानंतर कुणाशी येणंजाणं तुटलं. दोन, कोण कुठल्या मंडळीत जातं. सासू सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) उपासनेला आणि सून पेंटेकॉस्टल प्रार्थनेला, असं एकाच घरात सर्रास असतं. तीन, घर, शेतीचा तुकडा किंवा मिशन कंपाउंडातली जागा कुणाच्या नावावर आहे.

समजा, जोडपं येतं ते 'आमचं जमत नाही' म्हणून. तक्ता काढता काढता दिसतं की सासऱ्यांच्या आईनं घरच्यांशी भांडून बाप्तिस्मा घेतला होता, त्या माणसांचे नातू आज लग्नाकार्याला बोलावतात, आणि सून जाते म्हणून सासूबाई आठवडाभर अबोला धरतात. नवरा दोघींच्या मध्ये. बोवेन ज्याला त्रिकोण म्हणतात तो असा डोळ्यांसमोर कागदावर उमटतो. मग भांडण 'तुझ्या आई'चं राहत नाही, तीन पिढ्यांचं होतं, आणि खोलीतला आवाज जरा खाली येतो. हा तक्ता आधी स्वतःच्या घराचा काढा. ते टाळणारा विद्यार्थी पुढं अशिलाच्या घरात स्वतःच्याच सासूशी भांडत बसतो.

वचन खोलीत आलं की काय करायचं

ख्रिस्ती दृष्टिकोन म्हणजे सेशनच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रार्थना, असा समज आहे. प्रार्थनेचा नियम सोपा आहे: समोरच्यांनी मागितली आणि दोघांनाही हवी असेल तरच. नवऱ्याला हवी आणि बायकोला नको, अशा वेळी प्रार्थना म्हणजे एकाची बाजू घेणं.

विचारांच्या पातळीवर ख्रिस्ती अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत. अमेरिकन पाळक जे ॲडम्स यांच्या 1970 पासूनच्या विचारपंथाचं म्हणणं, पवित्र शास्त्र पुरेसं आहे, मानसशास्त्राची गरज नाही. दुसऱ्या टोकाला, दोन्ही आपापल्या जागी ठेवा म्हणणारे. मध्ये दोन्ही जोडू पाहणारे, फुलरची परंपरा ही. मी मधल्यांत आहे. कारण खोलीत माणसं वचन घेऊनच येतात. तुम्ही विषय काढा वा न काढा.

वर्गात हा प्रसंग जोडीनं करून बघा. बायको म्हणते, "सर, मी काही बोलले की हे म्हणतात, अधीन राहा, असं लिहिलंय. पाळकसाहेबपण तेच म्हणाले." नवरा मान हलवतो, "लिहिलंयच की."

नवशिका इथं दोन्हीपैकी एक चूक करतो. एकतर वचनावर वाद घालतो, नाहीतर 'धर्माचा विषय बाजूला ठेवू' म्हणतो आणि दोघांनाही गमावतो. त्यापेक्षा नवऱ्याला विचारा, "कुठं लिहिलंय, काढता का? वरची ओळ पण वाचा." इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात 22 वी ओवी पत्नींसाठी आहे, पण 21 वी सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन व्हायला सांगते, आणि 25 व्या ओवीपासून पतींना जे सांगितलंय ते बरंच लांब आणि महाग आहे: ख्रिस्तानं मंडळीवर केली तशी प्रीती, म्हणजे स्वतःला देऊन टाकणं. त्यानं वाचलं की शिकवण देऊ नका. बायकोला विचारा, "हे ऐकताना तुम्हाला काय वाटलं?" आणि गप्प बसा. ती काय म्हणते ते नवऱ्यानं ऐकणं, हे त्या दिवसाचं काम.

घटस्फोटाच्या बाबतीत मलाखीचा दुसरा अध्याय असाच अर्धा वाचला जातो. देवाला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे, एवढंच बाईला ऐकवतात. त्याच 16 व्या ओवीत पुढं जुलमाचाही तिटकारा आहे, ते राहून जातं.

आणि एक रेघ ओलांडायची नाही. हिंदू, मुस्लिम, बौद्ध कुणीही समोर बसलं असेल तर त्यांच्या घराची मोडतोड दुरुस्त करणं एवढंच तुमचं काम. दुःखात असलेल्या माणसाला धर्म सांगणं म्हणजे त्याच्या कमकुवत घडीचा फायदा घेणं, माझ्या लेखी तो व्यवसायद्रोह आहे.

कायदा: जेवढा माहीत हवाच तेवढा

मारहाण आहे का, हे दोघांना एकत्र विचारू नका. पहिल्या भेटीत प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं वेगळं भेटायची पद्धत सगळ्यांसाठीच ठेवा, म्हणजे कुणाला संशय येत नाही. बाई घाबरलेली असेल तर एकत्र समुपदेशन थांबवायचं. तिथं खोलीत बोललेल्या शब्दाची वसुली रात्री घरी होते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, पोलिसांकडचा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष (1984 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं सुरू केलेली कल्पना), महिलांसाठीचा 181 आणि तातडीचा 112 हे क्रमांक पाठ हवेत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. 'मंडळीत मिटवू' हा पर्याय कायद्यानं ठेवलेला नाही, आणि हे पास्टोरेट कमिटीला आधीच सांगून ठेवलेलं बरं. आत्महत्येचे विचार असतील तर मनोविकारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416.

ख्रिस्ती विवाह 1872 च्या कायद्यानं लागतो आणि 1869 च्या कायद्यानं सुटतो. 2001 च्या दुरुस्तीआधी पुरुषाला नुसता व्यभिचार सिद्ध करणं पुरायचं, बाईला त्याच्या जोडीला आणखी एखादं कारण सिद्ध करावं लागायचं. आता कारणं दोघांना सारखी आहेत आणि परस्पर संमतीचीही सोय आहे. कॅथलिक जोडप्यांत एक गैरसमज वारंवार भेटतो: चर्चच्या न्यायाधिकरणानं विवाह रद्द ठरवला म्हणजे सुटलो. सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्येही हे नाकारलं. दिवाणी न्यायालयाचा हुकूम नसेल तर दुसरं लग्न गुन्हा ठरू शकतं. तुम्ही वकिली करू नका, पण हे ऐकून गप्पही बसू नका.

प्रात्यक्षिक आणि गावातली अडचण

प्रात्यक्षिकासाठी कौटुंबिक न्यायालय, सीपीआर या सरकारी इस्पितळाचा मनोविकार विभाग आणि विशेष कक्ष, तिन्हीकडे महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज करा. मंडळीत सराव करायचा तर लग्नाआधीच्या समुपदेशनापासून सुरुवात करा. तिथं जोडपी अजून हसत असतात, चूक पचते. पगार कुणाच्या खात्यात, सासूबाई आजारी पडल्या तर नोकरी कोण सोडणार, मूल कधी, उपासना कुठल्या मंडळीत, एवढं चार बैठकांत बोलून झालं तरी पुष्कळ.

खरी अडचण गुप्ततेची आहे, आणि ती कुठल्याही अभ्यासक्रमात पुरेशी शिकवत नाहीत. पन्नास-साठ घरांची मंडळी, निम्मी एकमेकांची सोयरी. सोमवारी ज्या बाईनं तुमच्यासमोर रडून सांगितलं, ती रविवारी तुमच्याच बाकावर प्रभुभोजनाला बसते. आत्या लागणाऱ्या कुणीतरी दारात विचारतात, "त्यांची सून येते म्हणे तुझ्याकडं?" उत्तर पहिल्या दिवसापासून एकच ठेवा: "आत्या, कोण येतं कोण नाही, हे मी कुणाचंच सांगत नाही." येत नसेल तेव्हाही हेच म्हणायचं, म्हणजे उत्तरावरून काही ताडता येत नाही.

जवळच्या नात्यातली, स्वतःच्या तरुण संघातली आणि पाळकांच्या घरातली केस घ्यायची नाही. मिरजेला किंवा सांगलीला पाठवायची. त्यासाठी तिकडं दोन समुपदेशकांशी ओळख ठेवा, तेही त्यांच्याकडची तुमच्याकडं पाठवतील. खोली चर्चच्या आवारात नको. आवारात शिरणारी प्रत्येक गाडी कुणाची, हे गेटवरच्या माणसाला माहीत असतं. पहिल्या भेटीत एका पानाचं मराठी संमतिपत्र द्या: काय गुप्त राहील, काय राहणार नाही, नवरा-बायकोपैकी एकानं चोरून सांगितलेलं तुम्ही दुसऱ्यापासून लपवणार का, आणि फी किती. फी ठेवाच, थोडी का होईना. फुकटच्या सल्ल्याला लोक मुलांना घेऊन, जाता जाता डोकावल्यासारखे येतात.

पदवीनंतर पहिली दोन वर्षं तरी पंधरवड्याला एकदा देखरेख घ्या, बेंगळुरू किंवा पुण्याच्या कुणाकडून व्हिडिओ कॉलवर चालेल. नावगाव बदलून टिपण आदल्या दिवशी पाठवायचं. गाव इतकं लहान आहे की नाव बदलून भागत नाही. धंदा, मुलांची संख्या आणि मंडळीही बदलायची. देखरेखीचे पैसे सुरुवातीला फीपेक्षा जास्त जातात, त्यामुळे शाळेतली किंवा इस्पितळातली अर्धवेळ नोकरी धरूनच हे काम सुरू करा.